चक्रीवादळाचा माग आणि किनारपट्टीची सज्जता : ‘निसर्ग’ चक्रीवादळाच्या (२०२०) विशेष संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नैसर्गिक आपत्तींचा विचार करताना दुष्काळ, महापूर, भूकंप व दरडी कोसळणे या आपत्ती प्रामुख्याने डोळ्यांसमोर येतात. चक्रीवादळ ही मात्र ओडिशा, आंध्र प्रदेश व पश्चिम बंगाल या पूर्व किनाऱ्यावरील राज्यांची आपत्ती होय, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. या समजुतीला काही आधारही होता. बंगालच्या उपसागरात निर्माण होणाऱ्या चक्रीवादळांची संख्या अरबी समुद्रातील वादळांपेक्षा परंपरेने कितीतरी अधिक राहिली आहे. शिवाय अरबी समुद्रातील अनेक वादळे वायव्येकडे ओमान व येमेनच्या दिशेने निघून जातात किंवा उत्तरेकडे वळून गुजरातचा किनारा गाठतात. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला बसलेला तडाखा पुढच्या पिढ्यांच्या विस्मरणात गेला होता.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि या समजुतीला धक्का बसला. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतके तीव्र वादळ धडकण्याची घटना १८९१ नंतर प्रथमच घडत असल्याची नोंद त्या वेळी झाली. या वादळाचा पूर्वअंदाज वेळेवर मिळाला होता, किनाऱ्यावरील लोकांना हलविण्यात आले होते आणि मृतांची संख्या एकअंकी राहिली. तरीही श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, अलिबाग, मंडणगड व दापोली या तालुक्यांतील हजारो कुटुंबांचे घर व उपजीविका एका दुपारीत उद्ध्वस्त झाली. इशारा यशस्वी झाला, मग सज्जता कोठे अपुरी पडली, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने चक्रीवादळाचा माग घेण्याची शास्त्रीय पद्धत, इशाऱ्याची रचना आणि किनारपट्टीची तयारी यांचे विवेचन केले आहे. वादळाचे अवशेष नाशिक जिल्ह्यापर्यंत पोहोचले असल्याने अंतर्गत भागाचाही विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) चक्रीवादळाची निर्मिती व त्याचा माग घेण्याची पद्धत समजावून देणे.
२) ‘निसर्ग’ चक्रीवादळाच्या संदर्भात इशारा यंत्रणेचे यश व तिच्या मर्यादा स्पष्ट करणे.
३) किनाऱ्यावरील तसेच नाशिकसारख्या अंतर्गत जिल्ह्यांतील सज्जतेची दिशा सुचविणे.

चक्रीवादळ : संज्ञा व निर्मिती

अटलांटिक महासागरात ज्यास ‘हरिकेन’ व पश्चिम पॅसिफिकमध्ये ज्यास ‘टायफून’ म्हणतात, त्याच आविष्कारास हिंदी महासागरात ‘सायक्लोन’ अथवा चक्रीवादळ असे म्हणतात. ‘सायक्लोन’ ही संज्ञा कलकत्ता येथे राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये प्रचारात आणली. म्हणजेच जगभर वापरला जाणारा हा शब्द भारताच्या किनाऱ्यावरील अनुभवातून जन्माला आला आहे. कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था १८६५ मध्ये सुरू झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. मुंबईतील कुलाबा वेधशाळा तर त्याही आधीची, १८२६ सालची आहे.

चक्रीवादळाच्या निर्मितीसाठी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारणतः २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असावे लागते. उष्ण पाण्याची वाफ वर जाऊन थंड होते, तिचे पाण्यात रूपांतर होताना सुप्त उष्णता मुक्त होते, हवा अधिक वेगाने वर चढते आणि खालचा दाब आणखी घटतो. सभोवतालची हवा या कमी दाबाकडे धाव घेते. पृथ्वीच्या परिवलनामुळे तिला वळण मिळते व उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरू लागते. पावसाळ्याच्या ऐन महिन्यांत खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगात व दिशेत मोठी तफावत असते. त्यामुळे वादळाचा उभा स्तंभ विस्कटतो. म्हणूनच अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः मान्सूनच्या आधी मे-जूनमध्ये आणि मान्सूननंतर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आढळतात.

भारतीय हवामान विभाग वाऱ्याच्या वेगानुसार या प्रणालींचे वर्गीकरण करतो. ताशी ३१ ते ५० किलोमीटर वेग असल्यास डिप्रेशन, ५१ ते ६२ असल्यास डीप डिप्रेशन, ६३ ते ८८ असल्यास चक्रीवादळ, ८९ ते ११७ असल्यास तीव्र, ११८ ते १६६ असल्यास अतितीव्र, १६७ ते २२१ असल्यास अत्यंत तीव्र चक्रीवादळ आणि २२२ किलोमीटर वा त्याहून अधिक असल्यास महाचक्रीवादळ असे म्हटले जाते. येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला म्हणजे घराच्या छपरावर व झाडाच्या शेंड्यावर पडणारा भार चौपट होतो. ताशी ५५ किलोमीटरचा वारा कोकणातील माणसाच्या परिचयाचा असतो. ११० किलोमीटरचा वारा त्याच्या चौपट बळाने येतो. अनुभवावर विसंबणाऱ्या समाजाला या फरकाचा अंदाज आधी येत नाही.

माग घेण्याची पद्धत

खुल्या समुद्रावर हवामान केंद्रे नसतात. त्यामुळे वादळाचा प्राथमिक माग उपग्रहाद्वारे घेतला जातो. २०२० साली इन्सॅट-३डी व इन्सॅट-३डीआर या उपग्रहांची छायाचित्रे यासाठी उपलब्ध होती. ढगांची वर्तुळाकार रचना कितपत बांधेसूद आहे, यावरून वादळाची तीव्रता अजमावण्याची पद्धत अमेरिकन शास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात विकसित केली. आजही जगभर तिचा आधार घेतला जातो. याखेरीज समुद्रातील तरंगते बोये हवेचा दाब, वारा व पाण्याचे तापमान यांच्या नोंदी पाठवितात. वादळ किनाऱ्याच्या जवळ आले, की डॉप्लर रडारवर त्याचा मध्य व पावसाचे पट्टे दिसू लागतात. ‘निसर्ग’च्या वेळी गोवा व मुंबई येथील रडारांचा या कामी उपयोग झाला.

ही सर्व निरीक्षणे संगणकीय प्रारूपांत घालून वादळाचा पुढील मार्ग काढला जातो. उत्तर हिंदी महासागरासाठी ही जबाबदारी नवी दिल्ली येथील विभागीय विशेष हवामान केंद्राकडे आहे, तर लाटा व वादळी उधाण यांच्या पूर्वानुमानात हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा सहभाग असतो. वादळाला नाव देण्याची पद्धतही याच विभागीय सहकार्यातून आली आहे. एप्रिल २०२० मध्ये १३ देशांनी सुचविलेल्या १६९ नावांची नवी यादी जाहीर झाली. तिच्यातील पहिले नाव बांगलादेशाने सुचविलेले ‘निसर्ग’ हे होते.

पूर्वानुमानात अनिश्चितता अटळ असते. अलीकडच्या वर्षांतील सरासरी पाहता, २४ तास आधी वर्तविलेले वादळाचे स्थान सुमारे ७५ ते ८० किलोमीटरने, तर ७२ तास आधी वर्तविलेले स्थान सुमारे १५० ते १६० किलोमीटरने चुकू शकते. नकाशावर वादळाच्या मार्गाभोवती जो रुंदावत जाणारा शंकू काढलेला असतो, तो याच अनिश्चिततेचे चित्र होय. शंकूच्या मधली रेषा म्हणजे वादळाचा ठरलेला रस्ता नव्हे. शंकूच्या कडेवरचे गावही तितकेच सावध असावयास हवे. सर्वसामान्य वाचक मात्र मधल्या रेषेकडेच पाहतो.

‘निसर्ग’चा प्रवास

३१ मे २०२० रोजी आग्नेय व लगतच्या पूर्व-मध्य अरबी समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. १ जूनच्या पहाटे त्याचे डिप्रेशनमध्ये रूपांतर झाले. त्या वेळी ते मुंबईच्या दक्षिण-नैऋत्येस सुमारे ७०० किलोमीटर अंतरावर होते. २ जूनच्या पहाटे ते डीप डिप्रेशन व दुपारी चक्रीवादळ बनले. ३ जूनच्या पहाटे त्याने तीव्र चक्रीवादळाचे रूप धारण केले आणि त्याच दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर होता.

या कालक्रमातून एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास येते. डिप्रेशन निर्माण होण्यापासून किनाऱ्यावर आदळेपर्यंत अवघे दोन दिवस व काही तास हाती होते. भारतातील इशाऱ्याची रचना चार टप्प्यांची आहे. ७२ तास आधी पूर्वसूचना, किमान ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष धोक्याचा इशारा आणि १२ तास आधी किनारा ओलांडल्यानंतरच्या परिस्थितीचे अनुमान, असे हे टप्पे होत. बंगालच्या उपसागरात अंदमानाकडून येणाऱ्या वादळासाठी हे टप्पे पुरेसे सैल पडतात. किनाऱ्याच्या जवळच जन्मलेल्या ‘निसर्ग’ने मात्र ही उतरंड घाईने उतरावयास लावली. कमी दाबाचे क्षेत्र बनण्यापूर्वीच हवामान विभागाने त्याची शक्यता वर्तविली होती, म्हणूनच प्रशासनाला हालचाल करणे शक्य झाले.

१ व २ जूनच्या पत्रकांत वादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या जवळ किनारा ओलांडेल असे म्हटले होते. हे अनुमान बरोबर ठरले. परंतु हरिहरेश्वर ते दमण हा पट्टा अडीचशे किलोमीटरहून लांब आहे व त्याच्या मध्यभागी मुंबई आहे. परिणामी प्रसारमाध्यमांचे व नागरिकांचे लक्ष मुंबईवर केंद्रित झाले. प्रत्यक्षात वादळाने मुंबईच्या दक्षिणेस किनारा गाठला व मुंबई मोठ्या हानीपासून बचावली.

या बचावामागे दैवाचा भाग नव्हता. वारे घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरत असल्याने ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या, म्हणजे दक्षिणेकडील अंगास वारे समुद्रावरून जमिनीकडे वाहतात आणि वादळाच्या स्वतःच्या गतीची त्यांत भर पडते. डाव्या, म्हणजे उत्तरेकडील अंगास ते जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. त्यामुळे तेथे उधाणही कमी राहते. मुंबई, ठाणे व रायगडच्या सखल भागासाठी भरतीच्या पातळीहून १ ते २ मीटर उंचीच्या वादळी उधाणाचा इशारा होता. वादळाचा मध्य मुंबईच्या दक्षिणेस राहिल्याने दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णै व आंजर्ले हा भाग वादळाच्या उजव्या अंगास आला. ज्या बाजूला कॅमेरे कमी होते, त्या बाजूला वाऱ्याचा जोर अधिक होता.

सज्जता : काय साधले

मनुष्यहानी टाळण्याच्या बाबतीत या वेळी बरेच साधले. महाराष्ट्र व गुजरात मिळून सुमारे १ लाख लोकांना सुरक्षित स्थळी नेण्यात आले. हे काम कोविडच्या टाळेबंदीत पार पडले, हे विशेष होय. कोकणात परतलेल्या चाकरमान्यांच्या विलगीकरणासाठी अनेक गावांतील शाळा आधीच वापरात होत्या. त्यामुळे निवाऱ्याच्या जागा कमी आणि अंतर राखण्याची गरज अधिक, अशी दुहेरी अडचण होती. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील तात्पुरत्या कोविड केंद्रातील रुग्णांना अन्यत्र हलविण्यात आले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या किनाऱ्यावरील जिल्ह्यांत आधीच पोहोचल्या होत्या.

मच्छीमारांच्या बाबतीत ‘फयान’ चक्रीवादळाशी तुलना उद्बोधक ठरते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ने अलिबाग ते मुंबईदरम्यान किनारा ओलांडला. नोव्हेंबर हा मासेमारीचा भर हंगाम असल्याने रत्नागिरी व सिंधुदुर्गातील नौका खोल समुद्रात होत्या. त्यांच्यापर्यंत संदेश वेळेत पोहोचला नाही व अनेक खलाशी परतले नाहीत. बंदरावर लावला जाणारा धोक्याचा बावटा किनाऱ्यावरून दिसतो. तीन दिवसांपूर्वी निघालेल्या नौकेला तो दिसत नाही. ‘निसर्ग’ आले तेव्हा पावसाळा तोंडावर होता व नौका किनाऱ्यावर ओढून घेण्याचेच ते दिवस होते. म्हणून २०२० मधील यशाचे श्रेय यंत्रणेइतकेच हंगामालाही द्यावयास हवे. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ने याची प्रचिती दिली. हे वादळ मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रातून गुजरातकडे गेले, तरी बॉम्बे हाय क्षेत्रातील ‘पी-३०५’ हा बार्ज बुडून ७० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. इशारा उपलब्ध असूनही समुद्रातील माणसे वेळेत बंदरात आली नाहीत, तर इशाऱ्याचे मोल उरत नाही.

सज्जता : काय राहिले

पहिली उणीव संपर्काची होती. वादळानंतर विजेचे खांब व मोबाईलचे मनोरे कोसळल्याने श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड परिसरातील गावांचा बाहेरील जगाशी संबंध तुटला. काही ठिकाणी वीजपुरवठा पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागले. वीज नाही म्हणून पाण्याचा पंप नाही, मोबाईल नाही, बँकेचा व्यवहार नाही आणि पंचनाम्याची माहितीही नाही, अशी ही साखळी होती. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश असून अलिबाग येथे भूमिगत वीजवाहिन्यांचे काम त्यात अंतर्भूत होते. लहान गावांना मात्र खांबांचाच आधार होता.

दुसरी उणीव घरांची होय. कोकणातील उतरत्या छपराचे कौलारू घर मुसळधार पावसासाठी उत्तम आहे. परंतु ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा छपरावरून जाताना वर ओढ निर्माण करतो. नुसते रचलेले कौल व सैल बांधलेला सिमेंटचा पत्रा या ओढीपुढे टिकत नाही. वासे व भिंती यांची लोखंडी पट्ट्यांनी सांधणी करणे हा अल्पखर्चाचा उपाय आहे. तो वादळाच्या आदल्या दिवशी मात्र करता येत नाही.

तिसरी व सर्वांत गंभीर उणीव उपजीविकेच्या संरक्षणाची होती. श्रीवर्धनची रोठा सुपारी, नारळ, आंबा व मसाल्याची झाडे यांच्या वाड्यांवर येथील कुटुंबे पिढ्यानपिढ्या जगतात. माणूस हलविता येतो, वाडी हलविता येत नाही. नारळ वा पोफळ नव्याने लावल्यास उत्पन्न सुरू होण्यास पाच ते आठ वर्षे लागतात. शासनाने रायगडसाठी तातडीने १०० कोटी व त्यानंतर रत्नागिरीसाठी ७५ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. फळबागांसाठी हेक्टरी १८ हजार रुपयांची भरपाई ५० हजारांपर्यंत वाढविली. ही वाढ स्वागतार्ह होती. तथापि कोकणातील वाडी हेक्टरने मोजली जात नाही, ती गुंठ्यांत मोजली जाते. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीला सुमारे ५ हजार रुपये. २.७ मीटर अंतरावर पोफळी लावल्यास हेक्टरी सुमारे १,३५० झाडे बसतात. या हिशेबाने एका झाडामागे ४० रुपयांहूनही कमी रक्कम येते. उन्मळलेले झाड तोडून बाहेर काढण्याची मजुरीही त्यातून भागत नाही. झाडनिहाय मदतीची जी मागणी बागायतदारांनी केली, तिच्यामागे हे साधे गणित होते. निकष सपाट प्रदेशातील शेतीचा आणि आपत्ती वाडीवरची, असा हा विसंवाद होता.

पूर्व किनाऱ्याचा धडा

ओडिशात ऑक्टोबर १९९९ मधील महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी त्या राज्याने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले, किनाऱ्यालगत बहुउद्देशीय निवारे बांधले व गावपातळीवर स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले. मे २०१९ मधील ‘फनी’ वादळापूर्वी तेथे १२ लाखांहून अधिक लोक हलविण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. हा बदल घडण्यास वीस वर्षांचे सातत्य लागले. ओडिशातील निवारा एरवी शाळा वा सभागृह म्हणून वापरात असतो. त्यामुळे त्याची देखभाल होते व गावकऱ्यांना तेथे जाण्याचा संकोच वाटत नाही.

महाराष्ट्राला वीस वर्षे थांबण्याची मुभा नाही. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांच्या संख्येत आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्के वाढ झाली आहे. ‘निसर्ग’ व ‘तौक्ते’ ही वादळे एका वर्षाच्या आत कोकणाने अनुभवली.

नाशिकच्या संदर्भात

‘निसर्ग’ने किनारा ओलांडला ते स्थान नाशिकपासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर अंतरावर आहे. जमिनीवर आल्यानंतर बाष्पाचा पुरवठा खंडित झाल्याने व घर्षणामुळे वादळ क्षीण होत गेले. पुणे जिल्ह्यातून ईशान्येकडे सरकत ३ जूनच्या रात्री ते उत्तर मध्य महाराष्ट्रात पोहोचले व ४ जूनच्या पहाटे त्याचे पुन्हा डिप्रेशनमध्ये रूपांतर झाले. नाशिक जिल्ह्यात त्या सायंकाळी व रात्री जोरदार पाऊस व वारा झाला. किनाऱ्यावर आदळण्यापासून येथपर्यंत येण्यास सुमारे आठ ते दहा तास लागले. हा अवधी इशाऱ्याच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे.

नाशिक जिल्ह्याच्या आपत्तीविषयक विचारात गोदावरीच्या पुराला स्वाभाविकपणे अग्रक्रम आहे. २०१६ व २०१९ च्या पुरांनी तो योग्यही ठरविला. परंतु मे-जूनमधील वादळाचे लक्ष्य वेगळे असते. या काळात उन्हाळ कांदा चाळींत साठविलेला असतो, शेडनेट व पॉलिहाऊस उभी असतात व खरिपाची तयारी चालू असते. कांदाचाळीची रचना हवा खेळती राहण्यासाठी केलेली असते. तिच्या उघड्या बाजूंतून आडवा पाऊस आत शिरला, की कांदा सडू लागतो. चाळीच्या बाजूंना ताडपत्री आवळणे, पत्रे बांधणे, शेडनेटचे कापड सोडवून ठेवणे या गोष्टींना काही तास पुरतात. मात्र ‘चक्रीवादळ म्हणजे कोकणची गोष्ट’ ही समजूत कायम असेल, तर हे तास वाया जातात. म्हणून किनाऱ्यासाठीच्या इशाऱ्याचा उत्तरार्ध अंतर्गत जिल्ह्यांसाठी शेतीच्या भाषेत दिला जाणे आवश्यक आहे.

महाविद्यालयांची भूमिका

या साखळीत महाविद्यालये हा उपेक्षित दुवा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी गावागावांत पोहोचतात. भूगोल विभागांकडे नकाशावाचनाचे कौशल्य असते. वादळाचा शंकू, उजवे व डावे अंग, इशाऱ्याचे टप्पे व बावट्यांचे अर्थ या गोष्टी ग्रामसभेत सोप्या मराठीत समजावून देणे, गावातील पक्क्या इमारतींची व आधाराविना राहणाऱ्या वृद्धांची यादी करणे, वाडीतील झाडांची आपत्तीपूर्व नोंद ठेवणे ही कामे विद्यार्थी करू शकतात. शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे. वादळानंतर पंचनामा करताना पडलेल्या झाडांची मोजणी वादग्रस्त ठरते. आधीची नोंद असल्यास बागायतदाराच्या हाती पुरावा राहतो.

निष्कर्ष

१) ‘निसर्ग’च्या वेळी वादळाचा माग अचूक घेतला गेला व त्यामुळे मनुष्यहानी मर्यादित राहिली. मात्र अरबी समुद्रात किनाऱ्याजवळ जन्मणाऱ्या वादळांसाठी हाती येणारा अवधी कमी असतो. त्यामुळे तयारी इशाऱ्यानंतर नव्हे, हंगामापूर्वी झाली पाहिजे.

२) इशारा देताना वादळाच्या मध्याबरोबरच त्याच्या उजव्या अंगास येणाऱ्या तालुक्यांचा स्पष्ट उल्लेख असावा. मोठ्या शहरावर लक्ष एकवटल्याने लहान गावांचा धोका झाकला जातो.

३) घरांची सांधणी, भूमिगत वीजवाहिन्या, पर्यायी संपर्क यंत्रणा व बहुउद्देशीय निवारे यांत गुंतवणूक आवश्यक आहे.

४) भरपाईचे निकष स्थानिक शेतीपद्धतीशी जुळणारे असावेत. कोकणातील वाडीसाठी झाड हे एकक अधिक न्याय्य ठरते.

५) नाशिकसह अंतर्गत जिल्ह्यांनी मे-जून व ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळासाठी चक्रीवादळविषयक स्वतंत्र आराखडा ठेवावा.

आपत्ती व्यवस्थापनाचे यश आजवर प्रामुख्याने वाचलेल्या जीवांच्या संख्येने मोजले गेले व ते योग्यही होते. परंतु निवाऱ्यातून घरी परतलेल्या माणसाला आडवी झालेली वाडी दिसत असेल, तर त्याच्या दृष्टीने आपत्ती त्या दिवशी सुरू होते. त्या दिवसाची तयारी हा यापुढील सज्जतेचा खरा निकष होय.